मिठाविना रंगाई दाखवा

महोदय,
गोळीबार चौकातल्या विणकराच्या घरात मी वाढलो. नालीतले रंगीत पाणी सगळ्यांना दिसे, त्यातल्या मिठाकडे मात्र कुणाचेच लक्ष नसे. रिॲक्टिव्ह रंग (सुताच्या धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा रंग) सुतावर चढावा म्हणून गडद छटेला रंगाच्या पाण्यात लिटरमागे ५० ग्रॅम, कधी त्याहून जास्त मीठ लागते. ते सुतात राहत नाही, गाळूनही निघत नाही. ‘कोल्ड पॅड बॅच’ पद्धतीत मीठ लागत नाही: रंग-सोड्याच्या द्रावणातून पिळलेले कापड गुंडाळून, झाकून रात्रभर ठेवतात, मग धुतात. पण ही सोय कापडाची, हातमागाच्या सुताच्या लडींची नव्हे. लडींसाठीही मिठाविना उपाय हवा. नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरातच आहेत. त्यांनी विणकरांच्या वस्तीत येऊन प्रात्यक्षिक दाखवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नागपूर