म्युनिकमधल्या बिननावाच्या माणसांनो, आभार!

पुण्याहून इथे येऊन सात महिने झाले. काही आभार मानायचे राहूनच गेलेत.

मेट्रो स्टेशनवरच्या आजी, तिकीट काढलं की काम झालं, असं मी समजत होतो. फलाटावर जाण्याआधी त्यावर यंत्रातून शिक्का मारायचा असतो, हे तुम्ही खुणांनी दाखवलंत. नाहीतर 60 युरोंचा दंड! (रुपयांत हिशोब करायची खोड अजून गेलेली नाही.)

सुपरमार्केटमधल्या दादा, तुम्हाला तर हात जोडून नमस्कार. इथे पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट अनामत घेतात आणि रिकामी बाटली यंत्रात टाकली की परत देतात. मी मात्र आपल्याकडच्या सवयीने सगळ्या बाटल्या चेपून नेलेल्या. यंत्राला बाटलीवरची छापील खूण वाचता येईना, ते बाटली परत ढकलत राहिलं, मागे रांग वाढली. तुम्ही झाकण काढून फुंकर मारलीत आणि बाटली पुन्हा टम्म फुगवलीत. मग आपण दोघांनी मिळून अकरा बाटल्या फुगवल्या. रांगेतलं कुणी हसलं नाही. निदान मोठ्याने तरी नाही.

आणि खालच्या मजल्यावरच्या काकू, पहिल्या रविवारी सगळी दुकानं बंद पाहून मी हात हलवत परतलो, तेव्हा तुम्ही पाव आणि अंडी दिलीत. दिवाळीत तुमच्याकडे चकल्यांचा डबा दिला होता. तो रिकामा परत आला नाही, आत सफरचंदाचा केक होता. ही आपली रीत तुम्हाला कुणी सांगितली हो?