ओडावांच्या गावातून

पेटोस्की, मिशिगन

ती. बाबांस सा. न.

‘तिकडे रेड इंडियन दिसतात का गं?’ असं तुम्ही फोनवर विचारलंत. अहो, आम्हीच त्यांच्या गावात राहतोय! पेटोस्की हे नावच एका ओडावा सरदाराचं; ओडावा ही त्यांचीच एक जमात. लेक मिशिगनचा हा काठ, इथून पार क्रॉस व्हिलेजपर्यंत, त्यांचा मूळ मुलूख. पाणी गोडं, पण पलीकडचा किनारा काही दिसत नाही.

तुम्ही जन्मभर तलाठ्याचं दप्तर सांभाळलंत, म्हणून जमिनीचंच लिहिते. १८३६च्या तहात ओडावा आणि ओजिब्वे या दोन जमातींकडून आजच्या मिशिगनचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग सरकारनं घेतला. त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनींनाही सिनेटनं पाचच वर्षांची मुदत घातली. पुढे पश्चिमेला हाकलतील ही धास्ती. मग या लोकांनी काय करावं? तहापोटी दरसाल मिळणाऱ्या पैशातून आपलीच जमीन सरकारकडून विकत घेतली. मालकाला कसं हाकलणार! मला तर ही हुशारी फार आवडली.

पण कागद नेहमीच वाचवतो असं नाही. इथून अर्ध्या तासावर बर्ट लेक आहे. तिथल्या या मूळ लोकांच्या वस्तीची जमीन गव्हर्नरच्या नावे विश्वस्त म्हणून होती, म्हणजे कर लागूच नव्हता. तरी कर आकारला, थकबाकी दाखवली आणि जमीन विकली. १५ ऑक्टोबर १९०० रोजी जमीन घेणारा शेरीफला, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाला, घेऊन आला, माणसं बाहेर काढली आणि रॉकेल ओतून घरं पेटवून दिली. तुमच्या सज्जात असा फेरफार कोणी आणला असता, तर तुम्ही त्याला दारातूनच परत धाडलं असतंत.

इथल्या ओडावांना केंद्र सरकारची मान्यता मिळाली ती थेट १९९४ साली. आता हार्बर स्प्रिंग्सला त्यांचं कार्यालय आहे, स्वतःचं न्यायालय आहे. मासेमारीचा हक्क मात्र त्या १८३६च्या तहातलाच, १९७९ साली कोर्टानं तो उचलून धरला.

आईसाठी एक डबी बघून ठेवली होती. भूर्जाची साल, तिला टोच्यानं भोकं पाडून त्यांत साळिंदराचे भिजवलेले काटे ओवून फुलं काढलेली, काठाला सुवासिक गवत. किंमत ऐकून परत ठेवली. पण एवढ्या बारीक कामाला ती जास्त नाहीच, पुढच्या पगाराला घेईन.

दिवाळीला यायचं जमेलसं वाटतंय. तिकीट काढलं की कळवते. बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
मंजू