पणजीचं माहेर सापडलं, मनापासून आभार

आपल्या आईचं, म्हणजे आमच्या पणजीचं माहेर 'खाडीपल्याड' एवढंच आजीला ठाऊक होतं. आज ते घर सापडलंय, तुम्हा सगळ्यांमुळे. दापोलीत मोडी लिपीतलं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, पानोपान वाचून दाखवणारे काका, तुम्ही साधा चहाही घेतला नाहीत! 1918 च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत, पणजोबा गेल्याची ओळ तुम्हीच लावलीत. पुढच्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदीत, वारस म्हणून पणजीचं नाव आहे. पदरात तान्ही आजी, आणि भातशेती तिच्या एकटीच्या नावावर. घरात हे कुणी कधी बोललंच नव्हतं. फार अभिमान वाटला. हर्णै बंदरात मासळीची पाटी शेजारणीकडे सोपवून आमच्याबरोबर आंजर्ल्यापर्यंत आलेल्या मावशी, घर दाखवणारे गुरवदादा, तुमचे उपकार मोठे आहेत. गणपतीत आम्ही सगळी तिथे जमतोय, तुम्हीही जेवायला या.