साफी फाय यांचं 'शेतकऱ्याचं पत्र' आपल्या गावांत मोठ्यानं वाचायचंय, हातभार लावा

नमस्कार मंडळी,

बार्शी आणि आसपासच्या खेड्यांतल्या सगळ्यांना, शिवाय इथून पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशात गेलेल्या आपल्या माणसांना आमच्या फिल्म मंडळाकडून हे आवाहन. मेसेज लांबलाय, पण पूर्ण वाचा ही विनंती, कारण पैसे कशाला मागतोय ते आधी नीट सांगायला पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात एका गावात मारुतीच्या पारासमोर पडदा लावून आम्ही एक इराणी पिक्चर दाखवला, खाली इंग्रजी सबटायटल्स होते, आणि वीस मिनिटांत निम्मी माणसं उठून गेली. पुढं सतरंजीवर बसलेली एक आजी मात्र हलली नाही. ती म्हणाली, "आरं बाळांनो, ते खाली काय लिहून येतंय ते मोठ्यानं वाचा की, आम्हाला बी कळू द्या." मग आमच्यातल्या एकानं माइक घेतला, जमेल तसं मराठी करत वाचायला लागला, आणि गेलेली माणसं एकेक करून परत येऊन बसली. त्या रात्रीच ठरलं की पुढच्या वेळी पिक्चर असा आणायचा जो मुळातच वाचून दाखवायचा आहे, आणि तेव्हा मंडळातल्या दोघातिघांच्या तोंडात एकच नाव आलं, साफी फाय.

साफी फाय सेनेगलच्या. पश्चिम आफ्रिकेचा अगदी पश्चिमेकडचा, अटलांटिक समुद्राला लागलेला देश, राजधानी डाकार. त्यांचा जन्म १९४३ चा, डाकारमधलाच, पण घराणं सेरेर नावाच्या तिथल्या समाजातल्या शेतकऱ्यांचं आणि मूळ गाव डाकारच्या दक्षिणेला, फदियाल नावाचं. आधी त्या शाळेत मास्तरीण होत्या, रीतसर ट्रेनिंग घेऊन डाकारच्या शाळांत शिकवत होत्या. १९६६ ला डाकारमध्ये जगभरातल्या कृष्णवर्णीय कलावंतांचा मोठा महोत्सव भरला, तिथं पाहुण्यांची व्यवस्था बघायचं काम त्यांच्याकडं होतं आणि तिथंच ज्यां रूश या फ्रेंच फिल्ममेकरशी ओळख झाली. रूशनं त्यांना आपल्या पिक्चरमध्ये घेतलं. त्या पिक्चरमधला नायजरचा एक माणूस पॅरिसला जातो आणि गोरे लोक आफ्रिकेत येऊन करायचे तसं तिथल्या लोकांचा अभ्यास करतो, रस्त्यात थांबवून त्यांची डोकी मोजतो. साफीबाईंना तो पिक्चर स्वतःला फार आवडला नव्हता हे त्यांनी नंतर मोकळेपणानं सांगितलं, पण कॅमेरा हातात घेऊन, खऱ्या माणसांना त्यांच्या जागीच धरून, मोठ्या लवाजम्याशिवाय पिक्चर होतो हे त्यांनी त्या सेटवर बघितलं आणि ते डोक्यात राहिलं.

पुढं त्या पॅरिसला गेल्या, मानववंशशास्त्र शिकल्या, शिवाय सिनेमाच्या शाळेत कॅमेरा शिकल्या. १९७२ ला पहिली छोटी फिल्म केली, पॅरिसच्या रस्त्यानं चाललेली एक आफ्रिकन बाई आणि तिच्याकडं बघणारे दोन पुरुष, एक फ्रेंच आणि एक आफ्रिकन, एवढीच गोष्ट. त्यातली बाई त्या स्वतःच. अभिनय असा थोडकाच केला, पण आपल्याकडं लोक कसं बघतात हे पडद्यावर उभं राहून अनुभवलेली बाई कॅमेऱ्याच्या मागं गेली की फरक पडतोच, असं आम्हाला त्यांचे पुढचे पिक्चर बघून वाटतं.

आता मुख्य गोष्ट. १९७५ ला त्यांनी 'काद्दू बेकाट' केला. सेनेगलमधल्या वोलोफ भाषेत अर्थ साधारण शेतकऱ्याचा बोल, फ्रेंच नाव 'शेतकऱ्याचं पत्र'. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या बाईनं केलेला आणि थिएटरमध्ये रीतसर लागलेला हा पहिला मोठा पिक्चर मानतात. बजेट सुमारे २० हजार डॉलर, युनिट तीन माणसांचं, ब्लॅक अँड व्हाइट, आणि काम करणारे सगळे साफीबाईंच्याच गावचे, घरचे. त्यांचे आजोबाही त्यात आहेत, शूटिंग संपल्यावर थोड्याच दिवसांत ते वारले आणि पिक्चर त्यांनाच अर्पण केलाय.

गोष्ट ऐका, कुठंतरी ऐकल्यासारखी वाटेल. गावात न्गोर नावाचा पोरगा आहे, त्याला कुंबाशी लग्न करायचंय, दोघांचं ठरल्यातच जमा आहे पण तिकडं मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी पैसे द्यायची रीत, आणि पैसा कुठून येणार, तर भुईमुगातून. आणि पाऊस नाही. फ्रेंच राज्यात शेंगदाण्याची लागवड वाढवली होती, तेल काढायला माल बाहेर जायचा, स्वातंत्र्य आलं तरी शेतकऱ्याच्या हातात तेच एक पीक राहिलं, घरी खायची बाजरी मागं पडली आणि तांदूळ बाहेरून यायला लागला. भाव वरून ठरतो, कर भरायचाच, बियाणाची उधारी डोक्यावर. शेवटी न्गोर कामाला डाकारला जातो, तिथं मिळेल ते काम करतो, नाडला जातो, गावी परत येतो आणि संध्याकाळी झाडाखाली बसलेल्या गावकऱ्यांना शहरात काय झालं ते सांगतो. झाडाखालची ती बैठक हाच आमच्या मते पिक्चरचा जीव आहे, म्हातारे जे वाटतं ते बोलतात, सरकारबद्दलसुद्धा, कुणी डायलॉग लिहून दिलेत असं वाटतच नाही.

आणि हे सगळं पत्रातून येतं. साफीबाई स्वतःच्या आवाजात पत्र वाचतात, आमच्या गावात थोडा वेळ राहून जा म्हणतात, आणि शेवटी सांगतात की पत्र तेवढं माझं, बाकी सगळं माझ्या शेतकरी घरच्यांचं. बर्लिन महोत्सवात १९७६ ला याला समीक्षकांचं पारितोषिक मिळालं. सेनेगलमध्ये मात्र सुरुवातीला सरकारनं बंदी घातली, शेतीच्या धोरणावर बोललेलं खपलं नाही, आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सेंघोर म्हणजे मोठे कवी आणि स्वतः सेरेर, हे वाचलं तेव्हा आम्हाला खरंच वाईट वाटलं.

आता वर्षं बघा. सहाराच्या कडेच्या त्या सगळ्या पट्ट्यात १९६८ च्या आसपास पावसानं दगा द्यायला सुरुवात केली ती १९७३ पर्यंत. आपल्याकडं बहात्तरचा दुष्काळ त्याच सुमाराचा. म्हणजे इथं आपली आज्जी-आजोबा खडी फोडायला जात होती, पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती, सुकडी खात होती, रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी थापत होती, तेव्हा तिकडं हजारो मैलांवर न्गोरच्या गावातली माणसंही आभाळाकडंच बघत होती. हे आम्ही ओढूनताणून जोडलेलं नाही, साल आणि पीक डोळ्यासमोर ठेवा, आपोआप जुळतं. एका पिकाच्या मागं लागून ज्वारी कमी झाली आणि सोयाबीनच्या भावावर सगळं घर अवलंबून राहिलं हे तर आजचं आहे, त्याला बहात्तरचा दाखला पण लागत नाही.

साफीबाई इथं थांबल्या नाहीत. १९७९ ला त्यांनी आपल्या गावाच्याच नावाचा 'फदियाल' केला, रंगीत. त्यात म्हातारे आजोबा झाडाखाली पोरांना गाव कसं वसलं ते सांगतात, आणि गाव वसवणारी एक बाई होती, हे महत्त्वाचं. शिवाय १९६४ च्या कायद्यानं जमीन सरकारच्या अखत्यारीत गेली त्याची घालमेल त्यात आहे, ज्या रानात बापजाद्यांनी नांगरलं ते आता कुणाचं म्हणायचं. मालीचे लेखक आमादू हाम्पाते बा यांचं म्हणणं त्या पिक्चरमध्ये येतं, की आफ्रिकेत म्हातारा माणूस मेला म्हणजे एक लायब्ररी जळते. तो पिक्चर फ्रान्समधल्या कान फिल्म महोत्सवात दाखवला गेला, आणि २०१८ ला त्याची नीट साफसफाई केलेली कॉपी परत कानमध्येच दाखवली. १९७९ लाच त्यांनी पॅरिसमध्ये डॉक्टरेट पण पुरी केली. मग जर्मन टीव्हीसाठी काम केलं, सेल्बे नावाच्या एका बाईवर छोटी फिल्म केली, नवरा शहरात कामाला गेलेला आणि पोराबाळांचं सगळं हिनंच ओढायचं. आपल्याकडच्या बायांना ती फिल्म कुणी समजावून सांगायची गरज नाही. शेवटचा मोठा पिक्चर 'मोसान', फार देखण्या अशा चौदा वर्षांच्या मुलीची गोष्ट, घरच्यांनी तिचं लग्न परदेशात कमावणाऱ्या एकाशी ठरवलेलं आणि तिचा जीव दुसऱ्यातच. तो १९९० च्या सुमाराला शूट झाला आणि हक्कांच्या भांडणात अडकून १९९६ ला लोकांसमोर आला. सहा वर्षं. त्यानंतर त्यांचा मोठा पिक्चर आलाच नाही. २२ फेब्रुवारी २०२३ ला पॅरिसमध्ये त्या वारल्या, वय ७९.

आम्हाला करायचंय ते असं. दिवाळीनंतर, रब्बीची पेरणी उरकली की, सात गावांत 'काद्दू बेकाट' दाखवायचा, आणि साफीबाईंचं पत्र तसंच झाडाखालची बोलणी पडद्याशेजारी उभं राहून मराठीत मोठ्यानं वाचायची. पत्र वाचायला बाई असेल, आणि शक्यतो त्या त्या गावातलीच. पिक्चर संपला की दिवे लावून तिथंच बसायचं आणि बहात्तर बघितलेली जी माणसं आहेत त्यांना बोलतं करून रेकॉर्डिंग करायचं. हा दुसरा भाग आमच्यासाठी पिक्चरएवढाच मोठा आहे. तेव्हा वीस वर्षांचे होते ते आता सत्तरीच्या पुढं आहेत, आणि गेल्या दोन वर्षांत आमच्या ओळखीतलीच पाच-सहा माणसं गेली ज्यांच्याकडून ऐकायचं राहून गेलं. त्यातल्या एक आजी मिलो दळताना म्हणायच्या ओव्या सांगायच्या, आम्ही नुसतं पुढच्या रविवारी येतो म्हणत राहिलो आणि तो रविवार आलाच नाही, याची टोचणी अजून आहे.

खर्चाचा अंदाज ७० हजार रुपये. यात सगळ्यात मोठा भाग पिक्चर दाखवायच्या हक्काचा, तो रीतसर परवानगी घेऊनच दाखवायचा, मोबाइलवर कुणाकडून तरी आलेली कॉपी लावायची नाही हे मंडळानं एकमतानं ठरवलंय. ज्या बाईचा शेवटचा पिक्चर हक्कांच्या वादात सहा वर्षं पडून राहिला, तिचं काम आपण फुकट उचलणं बरोबर नाही. बाकी खर्च जनरेटर, टेम्पो, स्पीकर, बरा माइक आणि रेकॉर्डिंगची हार्डडिस्क. मंडळाकडं वर्गणीचे १८ हजार आहेत. ५२ हजार कमी पडतायत. प्रोजेक्टर आणि पडदा आपला आहे.

पन्नास रुपये दिले तरी चालतील, खरंच. रोख देणार असाल तर रविवारी संध्याकाळी मंडळाच्या बैठकीत खजिनदारांकडं द्या आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नका, ऑनलाइनसाठी क्यूआर कोड बैठकीच्या खोलीबाहेर बोर्डावर लावलाय, बाहेरगावच्यांना तो मंडळाच्या ग्रुपवर मिळेल. हक्काची परवानगी नाहीच मिळाली तर ज्याचे त्याला पैसे परत, नाहीतर तो म्हणेल तर रेकॉर्डिंगच्या कामाला वापरू. हिशोब प्रत्येक गावात शो झाल्यावर तिथंच वाचून दाखवणार.

पैशाशिवाय पण मदत पाहिजे. फ्रेंच येणारी माणसं हवीत, पुण्यात शिकलेली आपली बरीच पोरं-पोरी आहेत, फ्रान्समध्ये असलेले पण आहेत, पत्राचा मजकूर मूळ फ्रेंचवरून मराठीत आणायचाय आणि तो पुस्तकी झाला तर सगळं फुकट जाईल, आपल्या भागातल्या बोलीत बसला पाहिजे. टेम्पोवाले कुणी डिझेलच्या खर्चात येणार असतील तर कळवा. शाळांनी सतरंज्या दिल्या तर उत्तम. आणि वाचायला तयार असलेल्या बायका, आवाज मोठा असला की झालं, शिक्षणाची अट नाही, पाठ करून घ्यायची जबाबदारी आमची.

आणि तुमच्या घरात, वाड्यात, वस्तीवर बहात्तरच्या कामावर गेलेलं कुणी असेल तर पैशाच्या आधी त्यांचं नाव कळवा. चालता येत नसेल तर गाडी पाठवू, गावात येणं जमणार नसेल तर आम्ही घरी येऊ. पहिली बैठक येत्या रविवारी संध्याकाळी सहाला आहे, चहा मंडळाकडून.