छत्रीला हात न लावू देणाऱ्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की ‘अहो, त्यात काय’ म्हणत तुम्ही जिना चढायला लागता. म्हणून हे उघड पत्र.

आमच्या डिश छत्रीवर चालणाऱ्या टीव्हीचं दुखणं विचित्र होतं. काही चॅनल एकदम स्वच्छ. काहींवर चित्राचे चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा आणि शेवटी काळा पडदा. धो धो पावसात चित्र गेलं तर समजतं. उपग्रहाकडून छत्रीवर येणाऱ्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या, पाऊस त्यांना खाऊन टाकतो आणि ओसरला की चित्र परत येतं. पण हे लख्ख उन्हात चाललं होतं. मी पाना घेऊन गच्चीकडे निघालो आणि जिन्यात तुम्ही भेटलात.

‘नटाला हात लावू नका. काही चॅनल दिसतायत ना? मग छत्री बरोबरच बघतेय.’

पहिले आभार या वाक्याचे. उपग्रह 35,786 किलोमीटर उंचीवर. आमची 60 सेंटिमीटरची छत्री एक-दोन अंश जरी फिरली असती, तरी दिसत होतं तेही गेलं असतं. आणि मी तर ती चांगली हलवूनच बघणार होतो.

मग तुम्ही कागद-पेन मागितलंत, माझा हिरमोडच झाला. कोणता चॅनल दिसतो, कोणता नाही, त्याची फ्रिक्वेन्सी काय, पुढे व्ही (उभ्या लहरी) आहे की एच (आडव्या). अर्ध्या तासात यादी झाली आणि गेलेले सगळे एचवाले निघाले! त्यांच्यावर सिग्नल दाखवणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी ‘स्ट्रेंग्थ’ची भरलेली, ‘क्वालिटी’ मात्र शून्य. मी आजवर पहिलीच पट्टी बघून खूश होत होतो.

टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स छत्रीकडून येणाऱ्या केबलमधूनच एलएनबीला, म्हणजे छत्रीपुढच्या लहरी पकडणाऱ्या डबीला, वीज पुरवतो हे मला तेव्हा कळलं. उभ्या लहरी हव्या असतील तर 13 व्होल्ट, आडव्या हव्या असतील तर 18. वाटेत व्होल्टेज गळलं की एलएनबीला 18 चे 13 वाटतात आणि तो उभ्याच लहरी देत बसतो.

खात्रीसाठी तुम्ही बॉक्स आणि छोटा टीव्ही गच्चीवर न्यायला लावलात. वायरबोर्ड ओढत, घामाघूम होत मी नेला. छत्रीला दोन हात नवी केबल जोडली आणि सगळे चॅनल हजर. म्हणजे छत्री निर्दोष, एलएनबीही निर्दोष. चोर जुन्या केबलमध्ये.

तो कठड्याजवळ सापडला. तिथल्या जोडावरची चिकटपट्टी उलगडली तर आतून पाणी ठिबकलं. तांब्यावर हिरवी पूड, भोवतीची जाळी काळी पडलेली. तुम्ही ती केबलच बाद केलीत, बॉक्सपर्यंत अखंड नवी ओढलीत. कनेक्टर बसवताना जाळीचा केसाएवढा तंतू मधल्या तारेला टेकत होता, तो चष्मा कपाळावर चढवून काढलात. छत्रीपाशी केबलला खाली झोल दिलात, पाणी कनेक्टरकडे न जाता तिथूनच ठिबकावं म्हणून. तो झोल मला ढिलाई वाटला होता. मी ओढून सरळ करणार तेवढ्यात तुम्ही हात धरलात.

एक राहिलं. तो चिकटपट्टीचा जोड कोणी मारला होता, हे तुम्ही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी बहुतेक छत्री बसवणाऱ्या मुलावर ढकललं असतं. काका, तो मीच मारला होता.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा