अंगणातल्या दोन सॉकेटसाठी वायरमन मामांना आभाराचं पत्र

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

जुळे सोलापुरातल्या या घराच्या अंगणात तुम्ही दोन सॉकेट आणि चार दिवे बसवून दिलेत. काम तसं दिवसाभराचं. पण ते ज्या क्रमाने आणि ज्या चिकाटीने केलंत, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण अंगणात पॉइंट काढायला निघालेल्या प्रत्येकाला तुमची पद्धत कळायला हवी.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आलं की हौदावरची मोटर लावायची घाई होते. फरशी ओली, पाय ओले, पुष्कळदा अंधार. बाहेरचं सॉकेट नेमकं अशा वेळी हाताळलं जातं. म्हणून भिंतीवर छिन्नी ठेवण्याआधी तुम्ही डीबी (घरातल्या एमसीबींचा मुख्य बॉक्स) उघडलात आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध मोजलात, हे सगळ्यात मोलाचं. काळी माती पावसात पाणी धरून ठेवते, पण मे महिन्यात भेगाळून इलेक्ट्रोडपासून (खड्ड्यात पुरलेल्या धातूच्या तुकड्यापासून) सुटते. पावसाळ्यात चांगला आलेला आकडा उन्हाळ्यात तसाच राहील याचा भरवसा नाही.

‘एमसीबी आहे ना, मग आरसीसीबीचा अजून कशाला खर्च?’ या प्रश्नाला तुम्ही दिलेला हिशेब इथे मुद्दाम लिहितोय. एमसीबी म्हणजे जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच, आरसीसीबी म्हणजे करंट बाहेर गळला की पडणारा. समजा अर्थचा रोध 5 ओहम आहे, म्हणजे चांगलाच. मोटरच्या बॉडीला फेज लागला तर 230 भागिले 5, म्हणजे फार तर 46 अँपिअर वाहतील. 16 अँपिअरच्या सी टाइप एमसीबीला झटक्यात पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात. तो तापून पडेपर्यंत बॉडीत करंट राहणार, आणि मोटरला हात लावणारा माणूस तेवढा वेळ थांबू शकत नाही. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी मात्र तेवढी गळती दिसताच 0.3 सेकंदाच्या आत पडतो, गळती मोठी असेल तर त्याहून लवकर. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस. आणि आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही, म्हणून दोन्ही हवेतच.

सॉकेटच्या लाइनला तुम्ही न्यूट्रलही (करंट परत नेणारी वायर) स्वतंत्र ओढलात. हॉलमधला न्यूट्रल उसना घेतला की आरसीसीबी विनाकारण पडत राहतो, मग वैतागून कुणीतरी तो बायपास करून टाकतं. घातक चूक तिथे होते. 16 अँपिअरच्या सॉकेटला अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि 16 चा एमसीबी, दिव्यांना दीडची वायर आणि वेगळा 6 चा एमसीबी, हे सरळच होतं.

गेटकडे जाताना पीव्हीसी पाइपात साधी वायर न पुरता अडीचची तीन कोअर आर्मर्ड केबल (तीन वायरींवर धातूचं कवच असलेली) घातलीत. चर दोन फूट खोल, तळाला वाळू, वर वाळू, मग विटा, मग धोक्याची पट्टी. मुरमाचा टोकदार खडा केबलला टेकू नये म्हणून ती वाळू. दोन्ही टोकांना ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तिथली आवळणारी कडी) घट्ट बसवून आर्मर, म्हणजे ते कवच, अर्थला जोडलंत, हे बरेच जण विसरतात.

बॉक्सचं काम तर बघत राहावं असं. केबल खालून आत घेतली, आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. सिलिकॉन वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला लावलंत, खालची कड मोकळी ठेवलीत. चारी बाजू बंद केल्या तर आत जमलेली वाफ पाणी होऊन तिथेच साचते आणि टर्मिनल हिरवं पडतं. ग्लँड मात्र घट्ट, कारण बोटभर फट मिळाली की आत पाल शिरते, मुंग्या घर करतात. आणि बाहेर एकही जोड नुसत्या टेपवर सोडला नाहीत. सोलापूरच्या उन्हात टेपचा डिंक वितळून ती आपोआप उलगडते. दिवे आयपी 65 चे, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाणारे, घेतलेत आणि त्यांचे जोडही बॉक्समध्येच.

शेवटी दिव्यांचे ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारं सर्किट) सोडवून ठेवले आणि 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) वायरिंग तपासलंत. तो व्होल्टेज ड्रायव्हरला सोसत नाही, हे ठाऊक नसलं की नवे दिवे पहिल्याच दिवशी जातात. 1 मेगाओहमपेक्षा कमी आकडा आला असता तर तुम्ही लाइन चालू केली नसतीत, हेही नक्की. मग समोरून बघता वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, हे दोन्ही सॉकेटवर मोजून दाखवलंत.

टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायला सांगितलंत, ते दाबतो. त्या बटणाने आरसीसीबी पडतो की नाही एवढंच कळतं, अर्थिंग ठीक आहे की नाही ते कळत नाही, हेही लक्षात ठेवलंय. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओततोय.

सप्टेंबरातल्या पावसाआधी एकदा गेटजवळच्या बॉक्सची रबरी पट्टी बघून जा. उन्हाने ती कडक झाली असेल तर बदलून टाकू.

आपले कृतज्ञ,
अंगणातल्या त्या सॉकेटवर रोज मोटर लावणारे आम्ही सगळे