बॅन झालेला माणूस रोज नव्या नावाने येतो आणि तुमचं मंत्रालय रोज नवीन तक्रार मागतं

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,

स.न.वि.वि.

आपण कामात असाल याची कल्पना आहे, तरी थोडा वेळ काढून हे वाचावं ही विनंती. परवा रात्री माझ्या तक्रारीचं उत्तर आलं म्हणून लिहितेय. ज्या साईटवर मी लाईव्ह करते त्यांनी इंग्रजीत कळवलंय की तुम्ही रिपोर्ट केलेलं अकाउंट तपासलं, त्यात नियमांचं उल्लंघन आढळलं नाही, तिकीट बंद, म्हणजे तक्रार निकाली. बरोबरच आहे, आढळणार कसं, मी बॅन केलेल्या एका माणसाने ते अकाउंट त्याच संध्याकाळी उघडलेलं होतं आणि त्यावरून एकच ओळ आली होती, "हॅलो मॅडम ओळखलं का". ही ओळ मी ओळखते, माझे मॉड, म्हणजे चॅट सांभाळणारे मदतनीस, ओळखतात, नेहमीचे प्रेक्षक ओळखतात, फक्त कंपनी ओळखत नाही, आणि तुमचं खातं त्या कंपनीला काही विचारत नाही.

मी लाईव्हवर बुद्धिबळ खेळते. समोर डाव चालू असतो, बाजूला चॅट पळत असतं, लोक चाली सुचवतात, मी वजीर फुकट घालवला की टोमणे मारतात, मजा असते. हा माणूस सुरुवातीला त्यातलाच एक होता, खेळायचाही बरा. मग माझा मेसेज आधी का नाही वाचला म्हणून रुसवे, मग मी कॅमेऱ्यासमोर कसं बसावं याच्या सूचना, मग दुसऱ्या कुणाशी हसून बोलले म्हणून रात्रभर डीएम, म्हणजे खाजगी मेसेज. आधी टाइमआउट दिला, म्हणजे थोड्या वेळापुरतं त्याचं लिहिणं बंद केलं, मग कायमचं बॅन केलं. डाव संपायच्या आत गडी परत हजर, त्याच नावापुढे १ लावून. तो उडवला तर २. नंतर त्याने आकड्यांचा नाद सोडला आणि माझ्या मॉडच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडं करून आयडी काढला, फोटोही तोच लावला, आणि मॉड बनून माझ्याच प्रेक्षकांना मेसेज टाकायला लागला. एका कॉलेजच्या पोराला त्याने विचारलं की मॅडम कुठे राहतात माहितीये का, अर्जंट काम आहे. पोरगं बिचारं खरं समजून मला विचारायला आलं.

आता तुम्ही म्हणाल ब्लॉक करा ना. हे मला सगळेच सांगतात, पोलीसही सांगतात, म्हणून एकदा नीट सांगते. बॅन केलं की त्या अकाउंटचं लिहिणं बंद होतं, माणसाचं बघणं बंद होत नाही. यूट्यूबवर एखाद्याला चॅनलवरून हाइड केलं तर त्याच्या कमेंट कुणाला दिसत नाहीत, पण तो आरामात बघत बसू शकतो. ट्विच या लाईव्हच्या साईटने बॅन झालेल्यांना बघण्यापासून अडवायची सोय २०२३ मध्ये आणली, पण लॉगआउट करून बसलेल्याला त्याचं काय. म्हणजे माझ्या मागे भिंतीवर काय आहे, खिडकीतून कुठला आवाज आला, आज माझा घसा बसलाय का, हे सगळं तो टिपतोय हे मला ठाऊक असतं आणि तरीही हसऱ्या चेहऱ्याने उंट कुठे सरकवायचा याचा विचार करायचा असतो. करून बघा एकदा.

आणि परवाची ओळ ही तर काहीच नाही. त्याच्या आधीचं सांगते, जे तिकिटात मावलं नाही. लाईव्हमध्ये पैसे भरून मेसेज टाकायची सोय असते, तो मेसेज स्क्रीनवर मोठ्या अक्षरात येतो आणि एक मशीनचा आवाज तो वाचून दाखवतो. मी डावात अडकलेले, घड्याळात थोडेच सेकंद उरलेले, आणि त्या सपाट आवाजाने माझ्या बिल्डिंगचं नाव वाचलं, विंग वाचली, मजला वाचला. पुढे "खिडकीत लाईट आहे" असंही वाचलं. मॉडने झटकन मेसेज उडवला, पण चॅटमधून उडवता येतो, लोकांच्या कानातून कसा उडवणार. स्ट्रीम प्रेक्षकांपर्यंत काही सेकंद उशिरा पोचते, त्यामुळे मी गप्प होऊन लाईव्ह बंद केलं तेव्हा लोकांनी आधी माझा चेहरा पडताना बघितला आणि मग कुणीतरी त्याचीच क्लिप करून फिरवली, वर हसण्याचे इमोजी. त्या मेसेजच्या पैशातला आपला वाटा कंपनीने व्यवस्थित कापून घेतला. म्हणजे मला घाबरवायचं तिकीट विकलं आणि त्यावर कमिशन खाल्लं. तेव्हापासून घरी बेल वाजली की आई आधी मला हाक मारते आणि मगच दाराकडे जाते. हे कुठल्या ड्रॉपडाउनमध्ये टाकायचं? तुमच्या फॉर्मवर "इतर" आहे, तिथेच टाकलं होतं.

शब्दांची गाळणी लावा म्हणतात. लावलीये हो. इंग्रजी शिव्या ती धडाधड पकडते. आपली शिवी रोमनमध्ये लिहायच्या शंभर तऱ्हा, मध्ये टिंब टाका, अक्षर दुप्पट करा, देवनागरीत एखादी वेलांटी फिरवा, गाळणी ढिम्म. आणि शिवी नसलेलंच जास्त भयंकर असतं हे त्या गाळणीला कोण सांगणार. "खिडकीत लाईट आहे" यात एक तरी वाईट शब्द आहे का?

बरं, हे जमतच नाही असं कंपन्यांनी सांगू नये. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ट्विचवर बॉटच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या अकाउंटांच्या झुंडी लोकांच्या चॅटमध्ये घुसून घाण ओतत होत्या, स्ट्रीमर, म्हणजे लाईव्ह करणारे, वैतागले, १ सप्टेंबरला अनेकांनी ठरवून एक दिवस लाईव्हच केलं नाही. मग बघा कशी कामं हलली. फोन नंबर पडताळल्याशिवाय चॅट करता येणार नाही अशी अट लावायची सोय आली, आणि त्यात एका नंबरवरचं एक अकाउंट चॅनलने बॅन केलं की त्याच नंबरची बाकीचीही जातात. वर्षअखेरीला मशीन लर्निंगवाली सोय आली, ती "हा बहुधा बॅन चुकवून आलेला आहे" असा इशारा देते. पुढच्या वर्षी चॅनलांनी आपापसात बॅनची माहिती वाटून घ्यायची सोयही आली. दोन जणांवर तर कंपनीने अमेरिकेतल्या कोर्टात दावा लावला. हे सगळं कुठल्या मंत्र्याने केलं नाही, धंदा बुडायची भीती वाटली म्हणून झालं. मग बाकीच्यांना ही भीती घालणं कोणाचं काम? आम्ही रोज संप करायचा का?

तुमच्याकडे कायदाच नाही असंही नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत अशा कंपन्यांसाठी आयटी नियम आले तेव्हा त्यात छापलं होतं, तक्रारीची पोच २४ तासांत, निकाल १५ दिवसांत. पोच खरंच येते, रोबोट पाठवतो. निकालही येतो, वर लिहिला तसा. २०२२ मध्ये दुरुस्ती करून अपिलाच्या समित्या आणल्या. छान. पण अपील एका निकालाचं, निकाल एका तिकिटाचं, तिकीट एका अकाउंटचं, आणि तो माणूस एका तासात नवीन अकाउंट काढतो. त्याला एक ईमेल लागतो, मला परत पहिल्यापासून अख्खी रामकहाणी लिहावी लागते. शिवाय नियम पाळले जातात का ते बघणारा अधिकारी नेमा, तक्रार अधिकारी इथलाच ठेवा वगैरे कडक अटी पन्नास लाखांच्या वर युजर असतील तरच. त्याखालच्या ॲपवर कुणी छळलं तर काय, छळ लहान होतो?

पाठलागाचा गुन्हा २०१३ पासून कायद्यात आहे, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये गेलाय, बाईच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं त्यात येतं. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि जामीनपात्र. माझा एक स्ट्रीमर मित्र आहे, त्याच्याही मागे असाच एक बॅन केलेला प्राणी लागलाय, पण ते कलम बाईच्याच बाबतीत लागतं, त्यामुळे त्याला स्टेशनवर हसून चहा विचारला आणि परत पाठवला. मला निदान बसायला खुर्ची दिली. तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, लाईव्ह म्हणजे टीव्हीवर का. दुसरा, रात्रीचं कशाला करता. तिसरा, लिंक द्या. लिंक दिली तर पान उघडेना, कारण ते अकाउंट कधीच उडालेलं. मग स्क्रीनशॉटचे प्रिंट आणा, मग त्याचं सर्टिफिकेट आणा, मग हे आमच्याकडे नाही सायबरला जा, सायबरवाले म्हणाले हद्द त्यांची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

इथे सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट ऐका. त्याच २०२१ च्या नियमांत लिहिलंय की काढून टाकलेला मजकूर आणि बंद झालेल्या अकाउंटची नोंदणीची माहिती कंपनीने १८० दिवस जपून ठेवायची, तपासासाठी. म्हणजे पुरावा होता. कंपनीच्या कपाटात होता. माझा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर सरकेपर्यंत पहिल्या अकाउंटांची ती मुदत उलटून गेली, आणि नेमकं त्या पहिल्या अकाउंटवरच त्याचा खरा ईमेल असायची शक्यता होती, तेव्हा त्याला लपायची गरजच कुठे होती. हे मी तुमच्या माणसांना सांगितलं, लेखी सांगितलं. पोच आहे माझ्याकडे. पोच भरपूर आहेत.

आता कुणीतरी हुशार तुमच्या शेजारी बसून म्हणेल, सगळ्यांचं आधार जोडून टाकू, विषय संपला. नका हो. दक्षिण कोरियाने २००७ ला खऱ्या नावाची सक्ती केली, २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या साईटवरून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली आणि २०१२ ला त्यांच्याच घटनात्मक न्यायालयाने ती सक्ती रद्द केली. मी स्वतः टोपणनावाने खेळते, ते नाव हेच माझं उरलंसुरलं कवच आहे. आणि आयटी कायद्यातलं ते ऑनलाईन आक्षेपार्ह लिहिण्याबद्दलचं कलम ६६अ, तसलं काहीतरी परत आणू नका, सुप्रीम कोर्टाने २०१५ ला ते उगाच नाही फेकलं, त्यात नेत्यांवर दोन ओळी लिहिणारेही अडकायचे.

तेवढं मात्र आपल्याकडे फास्ट आहे. साहेबांवर कुणी मीम केला की मध्यरात्री आयपी सापडतो, पत्ता सापडतो, गाडी दारात. तेव्हा कंपनी परदेशात आहे, सर्व्हर बाहेर आहे, व्हीपीएन आहे, यातलं काहीच आडवं येत नाही. मग माझ्या वेळी हे सगळं कुठून उगवतं? सगळ्याच पक्षांनी झुंडी पोसल्यात, फेक आयडी काढून बायकांवर तुटून पडायचं ट्रेनिंग यांनीच दिलंय, आणि मग त्यातलाच एखादा फावल्या वेळात माझ्या चॅटमध्ये येतो तेव्हा त्याला पकडायचं कुणी, ज्यांनी शिकवलं त्यांनी? ८ मार्च २०२४ ला, महिला दिनालाच, दिल्लीत राष्ट्रीय क्रिएटर पुरस्कार दिलेत, २०२५ मध्ये क्रिएटरांसाठी एक अब्ज डॉलरच्या फंडाची घोषणा झाली. टाळ्या. त्यातून एक माणूस नेमा, फक्त एक, ज्याला मराठी वाचता येतं आणि जो जुनं तिकीट उघडून बघतो.

मागणं फार नाहीये. तक्रार अकाउंटवर नाही, माणसावर नोंदवून घ्या, एक नंबर द्या, तो नवीन नावाने आला की त्याच नंबरात भर पडली पाहिजे. बॅन चुकवून येणं हेच उल्लंघन धरा, मग तो "हॅलो मॅडम" लिहो नाहीतर शुभ सकाळ. तक्रार आली त्या क्षणापासून पुरावा गोठवायला लावा, मुदत फाईल हलेपर्यंत मोजूच नका. बॅन केलेल्याकडून पैसे घेऊन मेसेज वाचून दाखवला तर कंपनीला दंड लावा, बाकी काही करू नका, एवढं केलं तरी बघा त्यांची मशीन कशी रातोरात माणसं ओळखायला लागतात.

मी लाईव्ह बंद करणार नाहीये, हे त्यालाही कळू दे, तो हे वाचणार आहेच.

आपली,
एक स्ट्रीमर, नाव देत नाही, कारण वर लिहिलंय

ता.क. - मागच्या अर्जावर "आपली तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे" असं उत्तर आलं होतं. तो संबंधित विभाग म्हणजे ज्या स्टेशनने मला सायबरला पाठवलं तेच स्टेशन निघालं. यावेळी वर्ग करायच्या आधी एक फोन तरी करा.